मुरूम

मराठी भाषा काही शब्दांच्या बाबतीत फार काटकसरी आहे. रस्त्यावर टाकतात तोही मुरूम आणि पोराच्या गालावर उगवतो तोही मुरूम! या काटकसरीतली गंमत परभणी जिल्ह्यात राहणाऱ्याला जरा अधिक कळते. कारण आमच्याकडे पहिला मुरूम दुर्मिळ आणि दुसरा मुबलक. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या काठचे आमचे रान म्हणजे काळीभोर कापसाची जमीन. पावसाळ्यात तिच्यात पाय रुतला तर पाय बाहेर येतो, चप्पल येत नाही. गावाला रस्ता हवा असला की मुरमासाठी जिंतूरकडच्या टेकड्यांकडे डोळे लावून बसावे लागते. गालावरच्या मुरमाला मात्र ना अर्ज लागतो, ना मंजुरी. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो आपला आपण येऊन पडतो.

विद्वान लोक त्याला तारुण्यपीटिका म्हणतात. हे नाव ज्याने ठेवले त्याच्या चेहऱ्यावर एकही पीटिका नसावी, असा माझा दाट संशय आहे. नाव ऐकून वाटते, एखादा दागिनाच असेल. पेटीतून काढावा आणि सणासुदीला घालावा! ज्याच्या गालावर तो दागिना ठणकतो त्याला मात्र तारुण्य आल्याचा आनंद कमी आणि आरशाची धास्तीच जास्त असते.

माझ्या चेहऱ्याकडे एकवार पाहिले की हा विषय मी का निवडला ते कोणालाही कळेल. दोन्ही गालांवर आणि कानशिलापाशी लहानमोठे खड्डे आहेत. १९७५-७६ च्या सुमारास मी सेलूला खोली घेऊन शिकत होतो, तेव्हा त्यांची पायाभरणी झाली. त्या काळी गावोगाव देवीच्या व्रणांचे चेहरे पुष्कळ दिसत. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यातला आणि जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले ते १९८० साली. त्यामुळे अनोळखी माणूस माझे गाल पाहून पहिली शंका देवीचीच घेई. एकदा बसस्थानकावर एका म्हातारीने माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "देवी आल्या व्हत्या का रं लेकरा?"

"नाही आजी, मुरूम होता," मी सांगितले.

तिचा कळवळा तेवढ्यात आटला. "मंग त्याला काय हुतंय! हळद लाव की," असे म्हणून तिने तोंड फिरवले.

त्या म्हातारीच्या दोन वाक्यांत या दुखण्याचा सारा इतिहास आला. देवीच्या व्रणांना कळवळा मिळे. मुरमाला उपदेश मिळतो. देवीचा कोप ही दैवाची गोष्ट. मुरूम हा मात्र तुमचा तुम्हीच कमावलेला. तुम्ही तोंड धूत नाही, तळलेले खाता, जागरण करता, हात लावता, नको ते विचार करता! मला मिळालेल्या उपदेशांची यादी करायची तर या अंकाच्या पुरवणीलाच हात घालावा लागेल. जायफळ उगाळून लावा, मुलतानी माती लावा, तुरटी फिरवा, लिंबू चोळा, कडुनिंबाचा रस प्या, अंगात उष्णता झाली आहे म्हणून धण्याचे पाणी घ्या. शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याने तर स्वतःची दात घासायची पेस्ट उदार मनाने देऊ केली होती. आणि या सर्वांवर वडीलधाऱ्यांचा एक रामबाण होताच: "लग्न झालं की जातील!"

आपल्या पूर्वजांना हे दुखणे ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत मुखदूषिका म्हणून त्याची नोंद आहे आणि त्याला उपमा दिली आहे ती शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांची. ज्याने काटेसावरीचे कोवळे खोड पाहिले आहे त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते सांगायला नको. बुडाशी रुंद, टोकाला अणकुचीदार आणि सालीतूनच वर आलेला काटा! जुन्या वैद्यकात यावर लोध्र, धणे आणि वेखंड यांचा लेपही सांगितला आहे. रोग 'क्षुद्र' खरा, पण ग्रंथकाराने त्याला हसण्यावारी नेले नाही. तेवढी दृष्टी आमच्या घराघरांत उरली असती तरी पुष्कळ झाले असते.

आता थोडे शास्त्र. दिवाळी अंकात शास्त्र म्हणजे फराळाच्या ताटात काढा, असे कोणी म्हणेल. पण हा काढा कडू नाही आणि घोटभरच आहे.

आपल्या कातडीवर जिथे जिथे केस आहे, मग तो दिसो वा न दिसो, तिथे त्याच्या मुळाशी तेलाची एक बारीक ग्रंथी असते. मूल वयात येऊ लागले की शरीरात अँड्रोजेन नावाची संप्रेरके वाढतात, मुलांत तशीच मुलींतही. त्यांच्या हुकमाने या ग्रंथी जास्त तेल गाळू लागतात. त्याच वेळी केसाच्या नळीतल्या मृत पेशी नीट झडून बाहेर पडायच्या त्या एकमेकींना चिकटतात आणि नळीच्या तोंडाशी बूच बसते. बूच कातडीखाली झाकलेले राहिले तर पांढरा ठिपका दिसतो. तोंड उघडे राहिले तर काळा. हा काळेपणा मळाचा नव्हे. कातडीतले रंगद्रव्य आणि तेल यांच्यावर हवेची क्रिया होऊन तो रंग येतो. तेव्हा घासून घासून तो काढायला जाणे म्हणजे तीळ साबणाने धुण्यासारखे आहे. बुचामागे साचलेल्या तेलावर एक जंतू पोसतो. त्याचे नाव क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. २०१६ पर्यंत तो वेगळ्या आडनावाने ओळखला जाई. तो आपल्या सर्वांच्याच कातडीवर राहतो, कुठून लागट होत नाही. शरीर त्याच्यावर चालून जाते, सूज येते, पू धरतो; आणि ही लढाई खोलवर गेली तर गाठ होते.

ही एवढी गोष्ट समजली की निम्मे उपदेश आपोआप गळून पडतात. मुरूम घाणीने होत नाही. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुतले की पुरे. लिंबाचा रस चोळून उन्हात गेले तर कातडी भाजते आणि काळे डाग पडतात. लग्नाने मुरूम जातो म्हणतात, त्यातली मौज अशी की विशीच्या मध्यावर पुष्कळांच्या बाबतीत तो आपणहूनच ओसरतो आणि लग्नेही त्याच सुमारास होतात. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, त्यातलाच हा प्रकार. काही स्त्रियांना तर तो तिशीनंतरही राहतो. त्याबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर बीजकोशाची तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

आणि दोष कोणाचा? २००२ साली इंग्लंडमध्ये जुळ्या बहिणींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुरूम कोणाला जास्त, कोणाला कमी, या फरकातला सुमारे ८१ टक्के भाग आनुवंशिक, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे जे आईबाप पोराला "तुझ्याच चुकीने झालं" म्हणून रागावतात, त्यांनी आधी स्वतःचे जुने फोटो काढून पाहावेत.

राहता राहिले खाणे. दिवाळीच्या दिवसांत हा प्रश्न नाजूक आहे. १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांना चॉकलेट खाऊ घालून पाहिले आणि चॉकलेट निर्दोष सुटले. पुढे २००२ साली दुसरीकडची साक्ष आली. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर १२०० लोकांना तपासले तर त्यांच्यात मुरमाचा एकही ठिपका सापडला नाही. ते लोक कंदमुळे, फळे, मासे आणि नारळ खाऊन राहणारे. तेव्हा साखर, मैदा यांचा अतिरेक काही जणांत मुरमाला हातभार लावतो, असे आज मानतात. पण चार चकल्या आणि दोन लाडू खाल्ल्याबद्दल कोणाच्या लेकीला ताटावरून उठवू नका, एवढे मी खात्रीने सांगतो.

इथवर मी हसत लिहिले. पुढचे हसण्यासारखे नाही.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी परभणीला आमच्याकडे राहून कृषी विद्यापीठात शिकत होती. हे तेच विद्यापीठ, जिथे 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात निघाली. पाने पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला दाद न देणारी म्हणून त्या भेंडीचे नाव झाले. पोर हुशार, पानावरचा ठिपका पाहून रोग सांगायची. २०२२ साली, दुसऱ्या वर्षाला असताना, तिच्या स्वतःच्या गालांवर मुरूम उठला. मैत्रिणीने एका ट्यूबचे नाव सांगितले. औषधाच्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठी विचारली नाही. "सगळ्याच नेतात" म्हणून हातात ठेवली.

पंधरा दिवसांत तिचा चेहरा असा उजळला की शेजारणी ट्यूबचे नाव लिहून घेऊ लागल्या. भावजय गावाहून आली ती लेकीकडे पाहतच राहिली. त्याच दिवसांत काढलेला फोटो स्थळांना गेला. आठ महिने असे गेले. मग सुट्टीत गावी गेल्यावर ट्यूब संपली, आठवडाभर मिळाली नाही, आणि चेहऱ्यावर वणवा पेटला. गाल लालबुंद, त्यांवर दाट पुटकुळ्या, कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक शिरा दिसाव्यात, आणि कानशिलापासून लव वाढलेली. उन्हात पाऊल टाकले की आग होई.

पाहुणे यायचे ठरलेले होते, ते आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई एका शब्दाने काही बोलली नाही. तिने फक्त पर्समधून फोटो काढला, पाहिला आणि परत ठेवला. मी ते पाहिले, आणि माझ्या दुर्दैवाने पोरीनेही पाहिले.

त्यानंतर ती खोलीच्या खिडक्या लावून बसू लागली. कॉलेज सुटले. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असे. एका रात्री ती माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, मला झोपेतून उठावंसंच वाटत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तोंडावर ओढणी बांधून ती माझ्या मागे बसली होती.

बाईंनी चेहरा पाहण्याआधीच विचारले, "ट्यूब आणली का?" मग तिच्यावरची बारीक अक्षरे आम्हाला वाचून दाखवली. आत एक स्टेरॉइड होते, एक रंग फिका करणारे द्रव्य होते आणि अ जीवनसत्त्वाचे एक भावंड होते. वांगांवर, थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचे हे मिश्रण. स्टेरॉइडने सूज दबते, रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा गोरा आणि गुळगुळीत दिसतो. पण हा उजळपणा सावकाराकडचा! महिनोन्‌महिने वापरले की कातडी विरते, लव वाढते, नव्या पुटकुळ्या येतात. आणि लावणे थांबवले की सगळे व्याज एकदम वसूल होते.

बाईंनी सांगितले की अशा मुली त्यांच्याकडे नेहमी येतात. त्यात नवल नाही. २०११ साली देशातल्या अनेक शहरांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून चेहऱ्याच्या तक्रारींचे २९२६ रोगी तपासले होते. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्या ४३३ पैकी निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरव्यतिरिक्त कोणीतरी सुचवलेले होते. पुढे २०१८ साली केंद्र सरकारने ही मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियमही केला. पण नियम दिल्लीत होतो आणि ट्यूब गल्लीत मिळते.

बाई पोरीवर रागावल्या नाहीत, हे मी त्यांच्या औषधाइतकेच मोलाचे मानतो. त्यांनी तिला एवढेच विचारले, "कीड कोणती ते न पाहता तुम्ही पिकावर फवारणी करता का?" पुष्कळ दिवसांनी ती किंचित हसली.

स्टेरॉइडचा परिणाम उतरायला सात-आठ महिने गेले. मग खऱ्या मुरमावर उपचार सुरू झाले. हे उपचार आता गूढ राहिलेले नाहीत. नळीतले बूच सोडवण्यासाठी अ जीवनसत्त्वापासून केलेली मलमे असतात. ट्रेटिनॉइनचा मुरमावरचा उपयोग १९६९ साली अमेरिकेत दाखवून दिला गेला. अ‍ॅडापॅलीन हे त्याचे धाकटे, सौम्य भावंड. हरभऱ्याच्या दाण्याएवढे मलम रात्री साऱ्या चेहऱ्याला लावायचे, एकेका फोडीला नव्हे. जंतूंसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड. ते गुणी आहे, पण कपड्यांचा रंग खाते. आमच्या घरातल्या नव्या तांबड्या अभ्र्यांवर त्याने नक्षी काढली ती अजून आहे. जंतुनाशक गोळ्या लागल्या तर थोडे महिने, आणि त्याही एकट्या नव्हेत. नाहीतर जंतू निर्ढावतात. मुरूम गाठींचा, व्रण पाडणारा असेल तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आहेत. अमेरिकेत १९८२ साली त्यांना मान्यता मिळाली. गुण मोठा, पण गर्भावर घोर परिणाम. घेत असताना आणि थांबवल्यावरही महिनाभर दिवस राहता कामा नयेत. रक्ततपासणी आणि डॉक्टरची देखरेख हवीच.

या सर्वांत कठीण औषध म्हणजे धीर. मलम लावल्यावर पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, सोलते, कधी मुरूम वाढल्यासारखाही वाटतो. पुष्कळ पोरे तिथेच सोडून देतात आणि पंधरा दिवसांत गोरे करणाऱ्या ट्यूबकडे वळतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आमच्या भागात हे समजावणे सोपे आहे. सोयाबीनला शंभर दिवस लागतात, तुरीला सहा महिने. पेरल्यावर पंधराव्या दिवशी कोणी विळा घेऊन शेतात जात नाही.

उरले डाग आणि खड्डे. या दोहोंत लोक घोटाळा करतात. मुरूम बसल्यावर राहणारा काळा किंवा तांबूस डाग हा खड्डा नव्हे. आपल्या सावळ्या कातडीत तो लवकर पडतो, आणि उन्हापासून जपले तर काही महिन्यांनी फिका होतो. खड्डा वेगळा. सूज खोल गेली की कातडीला आतून उचलून धरणारे कोलॅजेनचे धागे तुटतात आणि भरपाई पुरती होत नाही. मग वरची कातडी खचते. कधी उलट भरपाई जास्त होते, आणि छातीवर, खांद्यावर, जबड्याशी उंच गाठाळ व्रण उठतो. मुरूम नखाने फोडला तर खड्ड्याचा धोका वाढतो, आणि नाकाजवळच्या फोडीला तर मुळीच हात लावू नये. पण एकही फोड न फोडणाऱ्याच्या गालावरही खड्डे पडतात. म्हणून खरा उपाय मुरमावर वेळेवर इलाज करणे हाच.

पोरीबरोबर खेपा घालता घालता मी एकदा बाईंपुढे माझे गालही केले. त्यांनी त्यांची मोजदाद केली. सुईने टोचल्यासारखे खोल, उभ्या कडांचे पसरट आणि लाटेसारखे उथळ अशा तिन्ही जाती माझ्याकडे निघाल्या! खोल छिद्रांवर तीव्र आम्लाचा थेंब लावतात किंवा ती कापून टाके घालतात. लाटेसारख्या खड्ड्यांखालचे ओढून धरणारे तंतू सुईने सोडवतात. बाकीच्यांवर बारीक सुयांचे यंत्र किंवा लेझर चालवून नवे कोलॅजेन उगवू देतात. एकेका महिन्याच्या अंतराने अनेक खेपा, आणि आधी मुरूम पूर्ण शांत झालेला हवा. एवढे करून खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत. जो "एका बैठकीत साफ" म्हणतो त्याच्या पायऱ्या उतरून परत यावे. मी स्वतःपुरता नाही म्हटले. माझ्या बायकोने चाळीस वर्षे हा नकाशा पाठ केला आहे. आता नवा घातला तर ती वाट चुकायची!

परतताना पोरीने विचारले, "काका, तुम्हाला कधी चेहऱ्याची लाज वाटली का?"

"पंचविशीपर्यंत रोज वाटली," मी म्हणालो. "मग शाळेत लागलो. पोरं मला 'चाळणी' म्हणायची. पण गणित अडलं की 'सर' म्हणत यायची. हळूहळू कळलं, की अडलेला माणूस चेहरा पाहत नाही."

ती काही बोलली नाही. मी तिला धीर दिला असे म्हणवत नाही. माणसे चेहरा पाहतातच, हे तिने फोटोच्या त्या प्रसंगात शिकले होते आणि ते खोटे नव्हते. पण पुढच्या सत्रात ती ओढणी न बांधता परीक्षेला गेली. तेव्हा गाल अजून पुरते निवळले नव्हते. निवळण्याची वाट न पाहता ती गेली, हे मला जास्त वाटले. आज ती पदवी घेऊन नोकरीला आहे, शेतकऱ्यांच्या बांधावर हिंडते, डोक्याला रुमाल बांधते आणि चेहऱ्याला उन्हाचे मलम लावते. डाव्या गालावर तीन-चार खड्डे राहिले आहेत. आमच्या घराण्याची खूण, म्हणते.

वाचकहो, नरकचतुर्दशीला पहाटे घरोघर तेल-उटणे निघेल. ज्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर मुरूम आहे त्यांच्या अंगाला खुशाल चोळा. चेहऱ्याला मात्र दाट तेल आणि खरखरीत उटणे घासू नका. पाट मांडा, पणती लावा, ओवाळा, आणि ओवाळताना "हे काय झालं गं तोंडाला?" हा प्रश्न तेवढा विचारू नका. तिने तो आरशाला रोज विचारलेला आहे.